किती वजन, कितव्या आठवड्यात?

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याला आपल्याच जन्मनोंदींनी कोड्यात टाकलं होतं. रॉकी पर्वतात सुमारे 3,100 मीटर उंचीवर लेडव्हिल नावाचं खाणकामगारांचं जुनं गाव आहे. ते ज्या लेक काउंटीत येतं, तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण आजूबाजूच्या सखल भागापेक्षा कितीतरी जास्त दिसत होतं. तिथल्या बायकांची बाळंतपणं इतक्या लवकर का व्हावीत, हे कुणाला कळेना. शेवटी डॉक्टरांनी एकेका बाळंतपणाची तपासणी केली आणि 1957 मध्ये निष्कर्ष छापून आला. बायका लवकर बाळंत होतच नव्हत्या. बाळं पूर्ण दिवसांची होती, फक्त अंगाने लहान होती. उंचीवरच्या विरळ हवेत प्राणवायू कमी मिळाल्याने पोटातली वाढच कमी होत होती. सरकारी नोंदवहीला मात्र हा फरक माहीत नव्हता. अडीच किलोच्या आतलं प्रत्येक बाळ ती 'अपुऱ्या दिवसांचं' म्हणून लिहून घेत होती.

ही गफलत एका जिल्ह्यापुरती नव्हती, साऱ्या जगाच्या व्याख्येतच होती. ती तिथे शिरली कशी आणि निघाली कशी, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नवजात बाळाला तराजूत घालावं, हेच माणसाला फार उशिरा सुचलं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांत बाळाच्या वजनाचे आकडे अंदाजाने दिलेले असत आणि त्यांची मजल 12 पौंडांपर्यंत जाई. 1753 मध्ये गॉटिंगेनच्या योहान गेओर्ग रोडरर यांनी बाळं प्रत्यक्ष मोजली, तेव्हा पूर्ण दिवसांचं बाळ त्याच्या जवळपास निम्म्यानेच भरतं हे समोर आलं. पुढे बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी 1835 च्या आपल्या ग्रंथात ब्रुसेल्समधल्या नवजातांची सरासरी दिली: मुलगे 3.20 किलो, मुली 2.91 किलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी बाळांसाठी उबेची पेटी आणली आणि त्यांचे शिष्य पिएर ब्यूदाँ यांनी आयांना दर आठवड्याला बाळ घेऊन वजनाला बोलवायची पद्धत पाडली. वजन आता कुतूहलाचा विषय राहिला नाही. बाळ सावरतंय की खालावतंय, हे त्यावरून ठरू लागलं.

1919 मध्ये बर्लिनच्या एका शिशुरुग्णालयात काम करणाऱ्या आर्वो इल्प्पो या फिनलंडच्या तरुण डॉक्टरने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांचं कुणाला म्हणायचं, हा प्रश्न त्याच्यासमोर होताच. आईने सांगितलेल्या तारखेवर विसंबता येत नव्हतं आणि पोटातलं बाळ पाहायची सोय नव्हती. तराजू मात्र कुठेही मिळे आणि तो बाळ पाहून आकडा बदलत नसे. इल्प्पोने 2500 ग्रॅमवर रेघ ओढली. ती सोयीची होती, म्हणून पसरली. 1935 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती स्वीकारली आणि 1948 मध्ये नव्याने जन्मलेल्या जागतिक आरोग्य संघटनेनेही. आता 2500 ग्रॅम किंवा त्याहून कमी म्हणजे अपुऱ्या दिवसांचं, असा जगभर शिरस्ता पडला. कामचलाऊ म्हणून घेतलेलं माप व्याख्या होऊन बसलं. इल्प्पोला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काळात याहून चांगलं माप कुणाजवळच नव्हतं. दोष नंतरच्यांचा. कितव्या आठवड्यात, हा दुसरा प्रश्न विचारायचंच त्यांनी सोडून दिलं.

हा दुसरा प्रश्न किती जिवावरचा आहे, हे 1963 च्या ऑगस्टमध्ये सगळ्या अमेरिकेने पाहिलं. अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे 2.1 किलो. त्या आठवड्यांच्या मानाने ते काही वाईट नव्हतं. पण फुप्फुसं कच्ची होती. श्वासागणिक फुप्फुसातल्या सूक्ष्म पिशव्या मिटून जाऊ नयेत म्हणून जो पातळ थर लागतो, तो त्याच्यात पुरेसा तयार झालेला नव्हता. हा थर नसणं हेच या आजाराचं मूळ आहे, हे चारच वर्षांपूर्वी मेरी एलन एव्हरी यांनी दाखवून दिलं होतं, पण त्यावर इलाज अजून हातात नव्हता. बाळ दोन दिवसही जगलं नाही.

आता याच वजनाचं, पण 40 आठवडे पूर्ण झालेलं दुसरं बाळ डोळ्यांसमोर आणा. त्याची कातडी सैल, सोलपटलेली असते. मांड्यांवर सुरकुत्या, डोकं अंगाच्या मानाने मोठं, डोळे टक्क उघडे आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा. तळपायावर टाचेपर्यंत रेघा असतात आणि कानाची पाळी दुमडून सोडली की लगेच सरळ होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तळवा गुळगुळीत असतो आणि कान दुमडला तर तसाच राहतो. या दुसऱ्या बाळाची फुप्फुसं तयार असतात. धोका वेगळीकडे असतो: अंगात साठवलेली साखर आणि चरबी नाही, त्यामुळे पहिल्या काही तासांतच रक्तातली साखर घसरते, अंग गार पडतं, रक्त दाट झालेलं असतं. पोटात त्याची उपासमार झालेली असते. ज्या नोंदवहीत ही दोन्ही बाळं एकाच रकान्यात बसतात, तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्या डॉक्टरने नेमकं काय पाहायचं?

ही दोन बाळं वेगळी काढणारा कागद ज्या वर्षी पॅट्रिक गेला त्याच वर्षी छापून आला, तोही कोलोरॅडोतूनच. तो तयार करणाऱ्या डॉ. लूला लुबचेन्को यांचा जन्म 1915 चा, रशियन साम्राज्यातल्या तुर्केस्तानातला. वडील रशियन शेतीतज्ज्ञ, आई अमेरिकन. क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब अमेरिकेला आलं आणि लूला कोलोरॅडो विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. डेन्व्हरच्या कोलोरॅडो जनरल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली लहानखुरी बाळं रोज हाताखालून जात असताना, सारख्याच वजनाची दोन बाळं दोन तऱ्हांनी आजारी पडतात, हे त्यांच्यासारख्या बाईच्या नजरेतून सुटणार नव्हतं. लेडव्हिलचं कोडंही त्यांच्याच राज्यातलं होतं.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 ते 1961 या काळात त्या रुग्णालयात जिवंत जन्मलेल्या 5,635 बाळांच्या नोंदी घेतल्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजले आणि 24 ते 42 आठवड्यांपर्यंत प्रत्येक आठवड्याची बाळं वेगळी काढली. मग त्या त्या आठवड्याची बाळं वजनाच्या चढत्या क्रमाने लावली. शंभर बाळं अशी रांगेत उभी केली तर खालून दहाव्या बाळाचं वजन म्हणजे दहावा पर्सेंटाइल, मधल्याचं पन्नासावा, वरून दहाव्याचं नव्वदावा. हे बिंदू आठवड्यांमागून आठवडे जोडत गेलं की डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या रेषा मिळतात. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर ग्रॅम. बाळ जन्मलं की परिचारिकेने फक्त एक टिंब द्यायचं. टिंब रेषांच्या कुठल्या पट्ट्यात पडलं, ते पाहायला गणित लागत नव्हतं. तीन वर्षांनी लांबी आणि डोक्याचा घेर यांचेही तक्ते आले.

1967 मध्ये लुबचेन्को यांनी फ्रेडरिक बटाग्लिया यांच्यासोबत पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते खरी क्रांती ती. दहाव्या रेषेखालचं बाळ आठवड्यांच्या मानाने लहान, नव्वदाव्या रेषेवरचं मोठं, मधलं योग्य. त्याला मुदतपूर्व, पूर्ण मुदतीचं आणि मुदत उलटलेलं अशी दुसरी विभागणी जोडली की नऊ घरं तयार होतात. प्रत्येक घराचा धोका निराळा. लहान आणि पूर्ण मुदतीचं बाळ असेल तर साखर तपासत राहा. योग्य वजनाचं पण मुदतपूर्व असेल तर श्वासावर नजर ठेवा. मोठं असेल तर आईला मधुमेह आहे का पाहा, कारण आईच्या रक्तातल्या वाढीव साखरेवर पोसलेल्या बाळाची साखर नाळ कापताच झपकन उतरू शकते आणि बाळंतपणात त्याचे खांदे अडकू शकतात. अडीच किलोच्या जुन्या रेघेला हे वजनदार बाळ धोक्याचं असू शकतं, याचा पत्ताही नव्हता. आजही आपल्याकडे चार किलोचं बाळ म्हटलं की घरात पेढे वाटतात. डॉक्टर मात्र त्या बाळाची टाच टोचून साखर बघतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 1961 मध्येच आपली चूक दुरुस्त करायला सुरुवात केली होती: 2500 ग्रॅमच्या आतल्या बाळाला यापुढे अपुऱ्या दिवसांचं न म्हणता कमी वजनाचं म्हणावं, असं तिच्या तज्ज्ञ समितीने सुचवलं. मग आठवडे ठरवायचे कसे, हा इल्प्पोच्या काळचा अडसर उरला. पाळीची तारीख आठवत नसेल तर बाळालाच विचारायचं, असा मार्ग निघाला. 1970 मध्ये इंग्लंडमधल्या लिली आणि व्हिक्टर डुबोविट्झ या दांपत्याने तळपायाच्या रेघा, कानाची कूर्चा, कातडी, हातापायांची ठेवण अशा खुणांना गुण देऊन आठवडे काढायची पद्धत बसवली. पुढे सोनोग्राफी आली आणि पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय काही दिवसांच्या फरकाने सांगता येऊ लागलं.

पण डेन्व्हरच्या कागदावर आणखी एक प्रश्न लटकत होता. त्या रेषा कुणाच्या बाळांच्या? कोलोरॅडो जनरलमध्ये येणाऱ्या बायका बहुतांशी गरीब होत्या. डेन्व्हर स्वतः समुद्रसपाटीपासून 1,609 मीटर उंच. अभ्यासात फक्त गोऱ्या आणि स्पॅनिश वंशाच्या कुटुंबांतली बाळं होती. शिवाय 26-27 आठवड्यांना जन्मलेलं बाळ हे त्याच आठवड्यात पोटात सुखाने वाढणाऱ्या बाळाचा नमुना धरता येतं का? लवकर बाहेर यायला बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. मॉन्ट्रियलमध्ये रॉबर्ट अशर आणि फ्रान्सिस मॅकलीन यांनी 1969 मध्ये समुद्रसपाटीवरच्या 300 बाळांवरून वेगळा तक्ता काढला, तेव्हा डेन्व्हरच्या रेषा खाली असल्याचं दिसलं. म्हणजे डेन्व्हरमध्ये योग्य ठरलेलं बाळ मॉन्ट्रियलमध्ये लहान ठरू शकत होतं. यानंतर देशोदेशी आपापले तक्ते निघाले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. मेहरबान सिंग आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये भारतीय बाळांचा तक्ता दिला.

इथे एक धोका होता आणि तो आपल्यालाच सर्वांत जास्त होता. ज्या समाजात आयाच अर्धपोटी आहेत, तिथल्या बाळांवरून रेषा काढल्या की उपासमारच 'योग्य' ठरते. आपली बाळं लहानच असतात, बांधाच तसा, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे म्हणत आलो आहोत की त्यामागे किती बायकांचं रक्त कमी होतं, हे विचारायचं राहून गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजातांची वजनं घ्यायला लावली, तेव्हा सुमारे 42 टक्के बाळं अडीच किलोच्या आत भरली. अपुऱ्या दिवसांची मात्र होती साधारण 10 टक्केच. लेडव्हिलला हवा विरळ होती. गडचिरोलीत तशी काही सबब नव्हती. त्या आरोग्यदूत बायकांनी वजन घेतलं, बाळ उबदार ठेवलं, अंगावर पाजायला मदत केली, जंतुसंसर्ग वेळेत ओळखून औषध दिलं आणि त्या 39 गावांत नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी झोळीचा तराजू घेऊन येते, त्याची सुरुवात इथे आहे.

जन्माचं वजन फक्त पहिल्या महिन्याचं भविष्य सांगतं, ही समजूतही याच काळात ढासळली. इंग्लंडच्या हार्टफर्डशायरमध्ये 1911 पासून आरोग्यसेविकांनी बाळांची वजनं वह्यांत काटेकोरपणे उतरवून ठेवली होती. डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी त्या वह्या बाहेर काढून 1911 ते 1930 मध्ये जन्मलेल्या 5,654 पुरुषांचं पुढे काय झालं, याचा माग घेतला. बाळपणी ज्यांची वजनं सर्वांत कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. 1989 ची ही गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती आपल्याकडच्या मधुमेहाशी जोडून पाहिली. पुण्याजवळच्या सहा गावांतली पूर्ण दिवसांची बाळं त्यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडली. आपली सरासरी 2.7 किलो, तिथली 3.5. पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजली, तर ती वजनाइतकी कमी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव मात्र खूपच लहान. दिसायला बारीक, पण चरबी टिकवून जन्मलेलं बाळ. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने तक्त्याची मर्यादाही दाखवली: टिंब रेषेखाली का पडलं, अंगात काय कमी आहे, हे तक्ता सांगत नाही.

मग प्रश्न उलटा विचारला गेला. बाळं कशी आहेत, ते मोजून झालं होतं. आई धडधाकट असेल, पोटभर खात असेल, वेळेवर तपासली जात असेल, तर बाळं कशी *असायला हवीत*? ऑक्सफर्डच्या होसे विलार आणि स्टीफन केनेडी यांच्या पुढाकाराने हा अभ्यास आठ ठिकाणी झाला: ब्राझीलमधलं पेलोतास, इटलीतलं तुरिन, ओमानची राजधानी मस्कत, ऑक्सफर्ड, अमेरिकेतलं सिएटल, बीजिंगजवळचं शुनयी, नैरोबीचं पार्कलँड्स आणि आपलं नागपूर. नागपुरातल्या कामाची धुरा डॉ. मनोरमा पुरवार यांनी सांभाळली. आयांच्या अटी कडक होत्या: वय 18 ते 35, उंची किमान 153 सेंटिमीटर, पंडुरोग नाही, धूम्रपान नाही, आणि गर्भाचं वय पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने पक्कं केलेलं. राहण्याचं ठिकाण 1,600 मीटरच्या वर नको. या अटीत लुबचेन्को यांचं डेन्व्हर नऊ मीटरने नापास झालं असतं.

बाळ जन्मलं की 12 तासांच्या आत त्याचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजायचा. लांबी मोजायला विशेष फळी, डोक्याला न ताणणारी धातूची टेप. दोन मापकांनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर दोघांनी पुन्हा मोजायचं. आठही शहरांत मोजणाऱ्यांना एकच प्रशिक्षण, साधनं एकाच बनावटीची. वळवळणाऱ्या बाळाचे गुडघे हलक्या हाताने सरळ करून पावलं फळीला टेकवणं हे किती चिवट काम आहे, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. 59,137 गर्भारपणांपैकी अटींत बसणाऱ्या 20,486 मधून 2014 च्या सप्टेंबरमध्ये तक्ता निघाला. त्याच अभ्यासात दिसलं की बाळांच्या लांबीत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम 3.5 टक्के भाग ठिकाणाठिकाणांतल्या भेदामुळे आहे. म्हणजे निरोगी, सुस्थितीतल्या नागपूरच्या आईचं आणि तुरिनच्या आईचं बाळ हाडापेराने जवळजवळ सारखंच वाढतं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. आईची उंची, वजन, कितवं बाळंतपण हे हिशेबात धरून प्रत्येक बाळाची रेषा वेगळी काढावी, असं ब्रिटनमध्ये जेसन गार्डोसी 1992 पासून मांडत आले आहेत. एकच जागतिक रेषा लावली तर काही देशांत खरोखर धोक्यात असलेली बाळं निसटतात, असं त्यांचं म्हणणं. दहाव्या रेषेखालचं प्रत्येक बाळ आजारी नसतं, काही घराण्याने लहान चणीची असतात, हेही खरं. अगदी कमी आठवड्यांच्या बाळांसाठी कॅनडाच्या टॅनिस फेंटन यांचे 2003 आणि 2013 चे तक्तेच अतिदक्षता विभागांत अधिक दिसतात. तरीही भारतासाठी मला नागपूरसहित निघालेली रेषाच योग्य वाटते. तिने आपली कमतरता लपवली जात नाही. 2010 मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे 3 कोटी 24 लाख बाळं आठवड्यांच्या मानाने लहान जन्मली, असा अंदाज आहे, आणि त्यांतली सर्वांत जास्त भारतात. त्यांना बांध्याच्या नावाखाली 'योग्य' ठरवलं तर त्यांच्या आयांच्या ताटात काहीच वाढणार नाही.

हा सगळा तक्ता शेवटी एका तारखेवर उभा आहे. ती चुकली तर टिंब चुकीच्या जागी पडतं, आणि पॅट्रिकसारखं कच्च्या फुप्फुसांचं बाळ आणि पोटात उपाशी राहिलेलं बाळ पुन्हा एकाच रकान्यात जातात. म्हणून घरात कुणाला दिवस गेल्याची शंका आली, तर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिसरा महिना संपण्याआधी नाव नोंदवा, पहिली सोनोग्राफी टाळू नका. आणि बाळ झाल्यावर वजनाबरोबर पूर्ण झालेले आठवडेही माता-बाल कार्डावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.